ॲपवाल्या कंपनीमागं पैसा कुणाचा असतो?



आज छाटणी नाही, फवारणी नाही. आज पैशावर लिहितोय. विषय लांबचा वाटेल, पण गेल्या काही वर्षांत तो आपल्या बांधापर्यंत आलाय. पोस्ट मोठी आहे, रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा.

प्रश्न साधा आहे. टोमॅटो घेणारी, औषधं घरपोच देणारी, फुकट सल्ला देणारी ॲपवाली कंपनी आपल्या भागात येते. मार्केटपेक्षा किलोमागं रुपया-दोन रुपये जास्त देते. फाट्यावर गाळा घेते, गावातली चार पोरं कामाला ठेवते, टी-शर्ट वाटते. मग पेपरात बातमी येते की या कंपनीला यंदा इतके कोटी तोटा झाला. आणि पुढच्याच महिन्यात दुसरी बातमी, की त्याच कंपनीला आणखी इतके कोटी मिळाले. आपल्यातला कुणीही विचारील, की बाबा, तोट्यात धंदा करून हे लोक जगतात कसे? आपण दोन वर्षं तोट्यात गेलो तर सोसायटीचा सचिव दारात येतो.

मी दहावी पास माणूस. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. माझी भाची पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती सुट्टीत आली की तिला खोदून खोदून विचारलं. ती सांगत गेली, बाकी मी मोबाईलवर वाचत गेलो. जे पक्कं समजलं तेवढंच खाली लिहितोय.

हा पैसा कर्ज नाही, वाटा आहे

आपल्याकडं बाहेरचा पैसा दोन वाटांनी येतो. एक कर्ज. बँक असो, सोसायटी असो की सावकार, पीक आलं काय आणि गारपिटीत गेलं काय, व्याज चालूच राहतं. दुसरी वाट म्हणजे बटई. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे, आलेल्या मालात वाटा. पीक गेलं तर दोघांचंही गेलं, कुणी कुणाच्या दारात जात नाही.

या कंपन्यांमागचा पैसा बटईच्या जातीचा आहे. त्याला व्हेंचर कॅपिटल म्हणतात, मराठी पेपरात साहस भांडवल असंही छापतात. नवीन पोरं कंपनी काढतात. फंडवाले पैसे घालतात आणि बदल्यात कंपनीच्या मालकीत हिस्सा घेतात. कंपनी मोठी झाली, शेअर बाजारात आली किंवा दुसऱ्या मोठ्या कंपनीनं विकत घेतली, की हिस्सा विकून पैसा मोकळा करतात. कंपनी बुडाली तर पैसा बुडाला. हप्ता नाही, व्याज नाही, जप्तीही नाही.

फंडवाले तरी स्वतःचा पैसा घालतात का? बहुतांशी नाही. अमेरिकेत या फंडांत पेन्शनचे निधी, विद्यापीठांचे निधी, विमा कंपन्या, श्रीमंत घराणी पैसा ठेवतात. हे लोक आपल्या सगळ्या गंगाजळीतला थोडा भागच इकडं टाकतात, म्हणजे तो बुडाला तरी घर चालतं. फंड चालवणारे साधारण दरसाल २ टक्के खर्चापोटी घेतात आणि नफा झाला तर त्यातला २० टक्के वाटा. फंडाची मुदत साधारण १० वर्षांची असते. ही १० वर्षं लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहेत.

जुना धंदा आहे हा

मला वाटायचं हे काँप्युटर आल्यावर निघालेलं खूळ असेल. तसं नाही. दीड-दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड बंदरातून देवमाशाच्या शिकारीला जहाजं निघायची. देवमाशाच्या तेलावर तेव्हा दिवे जळायचे. जहाज एकदा गेलं की दोन-दोन, तीन-तीन वर्षं परत येत नसे. काही जहाजं रिकामी यायची, काही कधीच आली नाहीत, आणि एखादं असं भरून यायचं की बाकीच्यांचा तोटा निघून वर नफा राहायचा. मधला माणूस श्रीमंतांकडून पैसा गोळा करी, कप्तान निवडी आणि स्वतः वाटा घेई. खलाशांनासुद्धा पगाराऐवजी तेलातला वाटा मिळे. आज सॉफ्टवेअर कंपनीत पगारासोबत शेअर देतात, तसंच ते.

आजच्या पद्धतीचा फंड १९४६ मध्ये बोस्टनला निघाला. जॉर्ज दोरिओ नावाचे प्राध्यापक त्याचे प्रमुख. १९५७ मध्ये त्यांनी दोन इंजिनिअरांच्या डिजिटल इक्विपमेंट या काँप्युटर कंपनीत ७०,००० डॉलर घातले आणि तिची जवळजवळ ७० टक्के मालकी घेतली. पुढं त्या हिस्स्याची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली. या एका कंपनीनं सगळ्या फंडाचं सोनं केलं. बाकीच्या कंपन्यांची नावं आज कुणाला आठवतही नाहीत.

नंतर हा धंदा कॅलिफोर्नियात सरकला. क्लायनर पर्किन्स आणि सिकोया हे दोन नावाजलेले फंड १९७२ मध्ये तिथंच सुरू झाले. १९९९ मध्ये या दोघांनी मिळून गूगलमध्ये २.५ कोटी डॉलर घातले. पाच वर्षांत, २००४ मध्ये, गूगल शेअर बाजारात आलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

सॉफ्टवेअरवरच एवढा जीव का?

याचं उत्तर आपल्या खिशातच आहे. व्हॉट्सॲप बघा. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकनं व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. तेव्हा ते वापरणारे होते ४५ कोटी लोक आणि कंपनीत माणसं होती फक्त ५५ च्या आसपास. फंडांपैकी त्यात पैसा होता एकट्या सिकोयाचा, साधारण ६ कोटी डॉलर. त्याचे सुमारे ३ अब्ज झाले. एकास पन्नास.

आता आपल्याशी ताडून बघा. मी एक एकर द्राक्ष केली तर जेवढी मजुरी, खत, औषध लागतं, दुसऱ्या एकराला पुन्हा तेवढंच लागतं. ट्रॅक्टरचा खर्च थोडा वाटून जातो, एवढाच फरक. सॉफ्टवेअरचं तसं नाही. एकदा बनवलं की पहिल्या माणसानं वापरलं काय आणि कोटीव्या माणसानं वापरलं काय, वरचा खर्च फार थोडा. एकदाच लागवड करायची आणि तोडा गावोगाव चालू, असं पीक आपल्याकडं नाही. म्हणून फंडवाले सॉफ्टवेअरच्या मागं धावतात.

पण असं पीक दहातल्या एकालाच येतं, तेही आलं तर. होर्सली ब्रिज नावाची एक संस्था आहे, ती अशा फंडांत पैसा घालते. तिनं १९८५ ते २०१४ या काळातल्या सात हजारांवर सौद्यांचा हिशोब मांडला होता. निम्म्याच्या आसपास सौद्यांत घातलेला पैसासुद्धा पूर्ण परत आला नाही. आणि फक्त ६ टक्के सौद्यांतून एकूण परताव्याचा साधारण ६० टक्के भाग आला.

आपल्याला कृषी सहायक सांगतात, सोयाबीनची उगवण ७० टक्क्यांच्या खाली असेल तर ते बियाणं पेरू नका. इथं निम्मं बी कुजतं, शंभरात सहा झाडं खरी फळतात, आणि धंदा तरी चालतो. कारण कुजलेल्या बियाचा तोटा फार तर बियाच्या किमतीएवढा. फळलेल्या झाडाला मात्र मर्यादा नाही.

यातून एक गोष्ट निघते, ती आपल्या कामाची आहे. फंडवाल्याला दरसाल १५ टक्के नफा देणारी, शांतपणे चालणारी कंपनी नको असते. ती चांगली असली तरी त्याच्या हिशोबात बसत नाही, कारण बुडालेल्या निम्म्या कंपन्यांचा खड्डा ती भरून काढू शकत नाही. त्याला वडाचं झाड होईल अशीच कंपनी लागते. म्हणून तो मालक पोरांना सांगतो, तोटा होऊ दे, पण वाढ. एका तालुक्यात नीट चालतंय तर दहा जिल्ह्यांत जा. भाव दोन रुपये जास्त दे, गिऱ्हाईक ओढ, नफ्याचं नंतर बघू.

आपल्याला मिळणारे ते वरचे दोन रुपये इथून येतात. ते बाजाराचे नसतात, फंडाचे असतात. घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त ते कुठून येतात हे माहीत असावं.

ॲप टाकलं म्हणून भाजीचं वजन कमी होत नाही

भाजीपाल्याच्या धंद्यात हा हिशोब कुठं अडतो त्याचं उदाहरण अमेरिकेतच आहे. वेबव्हॅन नावाची कंपनी होती. इंटरनेटवर किराणा, भाजी मागवा, आम्ही ठरलेल्या अर्ध्या तासात घरी आणून देतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास १९९९ मध्ये सुरू झाली. सिकोया, बेंचमार्क, सॉफ्टबँक असे मोठमोठे फंड मागं होते. एका गावात धंदा बसायच्या आधीच देशभर मोठमोठी गोदामं बांधायचा सुमारे १ अब्ज डॉलरचा करार करून मोकळे झाले. नोव्हेंबर १९९९ मध्ये शेअर बाजारातून ३७.५ कोटी डॉलर उचलले. जुलै २००१ मध्ये दिवाळं निघालं आणि २,००० च्या आसपास माणसं एका दिवसात घरी बसली.

चूक साधी होती. त्यांनी भाजीला सॉफ्टवेअर समजलं. ऑर्डर मोबाईलवर, काँप्युटरवर घेता येते, पण क्रेट उचलायला माणूस लागतो, गाडीला डिझेल लागतं, टोमॅटो दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. दहा गिऱ्हाइकं वाढली की दहा फेऱ्या वाढतात. हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आता पुढचं ऐका. पुढं २०१३ मध्ये सिकोयानं इन्स्टाकार्टमध्ये पैसा घातला. धंदा तोच, घरपोच किराणा, पण यांनी गोदामं बांधली नाहीत, असलेल्या दुकानांतून माल उचलला. ती कंपनी २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. म्हणजे ज्या शेतात एकदा पीक जळालं तिथंच बारा वर्षांनी दुसऱ्या पद्धतीनं पेरलं आणि उगवलं. मला यात फंडाची हुशारी जेवढी दिसते तेवढीच त्याची ताकद दिसते. त्याच्याजवळ दुसऱ्यांदा पेरायला बी होतं. वेबव्हॅनच्या कामगाराजवळ नव्हतं.

आपल्या देशातही दोन्ही टोकं झाली. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळुरूला सुरू झाली, २००९ मध्ये ॲक्सेल या फंडानं सुरुवातीचा पैसा घातला, आणि २०१८ मध्ये वॉलमार्टनं ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घ्यायचा सौदा केला. दुसरीकडं बायजूस. २०२२ मध्ये कागदावर किंमत २२ अब्ज डॉलर, २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात. कागदावरची किंमत म्हणजे शेवटच्या गुंतवणूकदारानं लावलेला भाव. लिलावात एका ट्रॉलीला उच्चांकी भाव निघाला म्हणून सगळ्या चाळीतला कांदा त्या भावानं विकला जात नाही, तसंच.

घड्याळ कुणाचं?

मघाशी १० वर्षांची मुदत सांगितली. फंडाला १० वर्षांत पेरून, काढून, विकून पैसा परत करायचा असतो. त्यामुळं कंपनीला दर दीड-दोन वर्षांनी नवा पैसा उभा करावा लागतो, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठी होऊन दाखवावं लागतं. तो पैसा कुठल्या कारणानं थांबला की कंपनीचं इंजिन बंद.

कारण कधीकधी फार लांबचं असतं. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर वाढवायला सुरुवात केली. जवळपास शून्यावरून जुलै २०२३ पर्यंत ५ टक्क्यांच्या वर नेले. तिथल्या सरकारी रोख्यांवर घरबसल्या ५ टक्के मिळायला लागल्यावर जोखमीचा पैसा आखडला. आपल्या देशातल्या स्टार्टअपलाही पैसा मिळणं अवघड झालं.

त्याच काळात आमच्या फाट्यावरचं टोमॅटोचं सेंटर बंद झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या पोरांनी आमच्याशी वागणूक चांगली ठेवली होती. दोन हंगाम काटा चोख, पट्टी मोबाईलवर, पैसे दोन दिवसांत खात्यावर. तिसऱ्या हंगामात ऐन तोडा चालू असताना मेसेज आला, सोमवारपासून खरेदी बंद. तिथला मॅनेजर पोरगा आमच्याच तालुक्यातला. तो म्हणाला, "काका, वरून पुढचा पैसाच आला नाही. मलाही काल रात्रीच कळलं."

माझा माल निम्मा तिकडं आणि निम्मा पिंपळगावला जात होता, मला फार झळ बसली नाही. पण शेजारच्या मळ्यातल्या भाऊंनी दोन वर्षं मार्केटचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांचा जुना आडत्या दुसऱ्यांच्या मालात गुंतलेला. गाडीवाल्यानं भाडं वाढवून मागितलं. आठ दिवस त्यांचा माल पडेल भावात गेला, शेवटचे दोन तोडे तर त्यांनी झाडावरच सोडले. कंपनीनं त्यांना फसवलं नाही, एक रुपया बुडवला नाही. फक्त घड्याळ थांबलं आणि ते घड्याळ भाऊंच्या घरातलं नव्हतं.

माहिती हेही पीक आहे

आता शेतकऱ्यांसाठीच निघालेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची गोष्ट. डेव्हिड फ्रीडबर्ग हा गूगलमध्ये काम केलेला माणूस. त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वेदरबिल नावाची कंपनी काढली. हवामानाची माहिती काँप्युटरवर तपासून पावसापासून, थंडीपासून विमा विकायचा. आधी बर्फावरच्या खेळांची ठिकाणं, कार्यक्रम करणारे अशा सगळ्यांना विकून पाहिलं. शेवटी ध्यानात आलं, की हवामानावर खरं पोट अवलंबून असतं ते शेतकऱ्याचं. मग सगळा जोर शेतीवर दिला, नाव बदलून क्लायमेट कॉर्पोरेशन केलं. मागं गूगलचा फंड, खोसला व्हेंचर्स वगैरे. २०१३ मध्ये मोन्सँटोनं ही कंपनी ९३ कोटी डॉलरला घेतली. पुढं २०१८ मध्ये मोन्सँटोच बायरनं घेतली.

फंडवाल्यांसाठी हा चांगला सौदा झाला. पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. हवामानाचा विमा घ्यायला तो एका छोट्या कंपनीकडं गेला होता. ती कंपनी विकली गेली आणि बियाणं-औषध विकणाऱ्याच्या घरात गेली. कुठल्या प्लॉटला किती बी पडलं, किती उत्पन्न निघालं, ही माहिती कुणाची, असा प्रश्न अमेरिकेतल्या शेतकरी संघटनांनी तेव्हा जोरात विचारला. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या फार्म ब्युरो या मोठ्या संघटनेनं इतर संघटना आणि कंपन्यांबरोबर बसून लेखी तत्त्वं ठरवली. त्यातलं एक म्हणजे, शेतात तयार झालेली माहिती शेतकऱ्याच्या मालकीची.

आपण ॲपवर सातबारा टाकतो, प्लॉटचा नकाशा टाकतो, फवारणीच्या नोंदी टाकतो. फुकट सल्ल्याच्या बदल्यात हे आपण देतो. कंपनी उद्या विकली गेली तर हे कुणाकडं जाणार, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

पुतण्याची गोष्ट

खरं सांगायचं तर ही पोस्ट लिहायचं कारण हे आहे. चुलत भावाचा पोरगा नाशिकला इंजिनिअर झाला. हुशार आहे. द्राक्षबागेत मातीतला ओलावा मोजणारं यंत्र आणि त्याचं ॲप त्यानं बनवलंय. पाणी कधी द्यायचं ते मोबाईलवर सांगतं. त्याला कंपनी काढायची, १५ लाख लागणार. बापाच्या साडेतीन एकरांवर बोजा चढवून कर्ज काढायचं त्याच्या डोक्यात. भाऊ तयार होईना. घरात आठ दिवस बाप-लेक बोलत नव्हते. शेवटी वहिनी मला म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही तरी समजवा, दोघांनाही.

पोरगा मला म्हणाला, "अण्णा, अमेरिकेत रिस्क घेतली म्हणून गूगल झालं. आपले लोक घाबरतात म्हणून मागं राहतात."

मी म्हणलं, "बाळा, गूगलला १९९८ मध्ये पहिला १ लाख डॉलरचा चेक दिला तो अँडी बेक्टोलशाइम या माणसानं. तो स्वतः मोठ्या काँप्युटर कंपनीच्या संस्थापकांतला. गूगल बुडालं असतं तर त्याचे १ लाख गेले असते आणि तो रात्री नेहमीसारखा जेवला असता. तुझं यंत्र चाललं नाही तर तुझा बाप जेवेल का?"

तो गप्प बसला. मग मी त्याला हाच सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला. फंडवाला वीस-तीस कंपन्यांत पैसा घालतो, म्हणून दहा बुडाल्या तरी चालतं. तुझ्या बापाजवळ जमीन एकच. ज्या खेळात निम्मे डाव हरायचे हे आधीच धरलेलं असतं, तो खेळ एकाच डावाच्या पैशानं, तेही व्याजानं आणलेल्या, खेळायचा नाही. तुझी कल्पना वाईट आहे असं मी म्हणत नाही. पैसा चुकीच्या जातीचा आहे. बटईचं काम कर्जावर करायला निघालास.

आणि भावालाही सांगितलं, की पोराला नुसतं नाही म्हणू नकोस. जमीन सोडून काय देता येईल ते दे.

सध्या असं ठरलंय. भावानं आपल्या बागेतला एक प्लॉट त्याला प्रयोगाला दिला. पोरानं आणखी सहा शेतकऱ्यांकडं यंत्रं बसवली, निम्मे पैसे आधी घेऊन. त्यातले दोघं म्हणाले, पावसाळ्यात रेंज जाते, काही उपयोग नाही, काढून ने. चौघांनी ठेवलीत. त्या दोघांच्या बोलण्यातून त्याला जे कळलं ते १५ लाख खर्चूनही कळलं नसतं, असं तो स्वतः म्हणतो. आता तो सरकारी मदतीच्या मागं आहे. केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ मध्ये आली. त्यात इन्क्युबेटरमार्फत कल्पना तपासायला २० लाखांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद होती. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतूनही शेतीच्या स्टार्टअपला कल्पनेच्या पातळीवर ५ लाख आणि पुढच्या पातळीवर २५ लाखांपर्यंत मदत देतात. नियम बदलत असतात, ज्यांची पोरं यात आहेत त्यांनी कृषी विद्यापीठात जाऊन चौकशी करावी. पुतण्याला मिळेल की नाही माहीत नाही. नाही मिळालं तरी सातबारा कोरा आहे.

शेतकऱ्यांच्या कंपनीचं काय?

काहीजण म्हणतील, मग आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीनंच असा पैसा घ्यावा. कायद्यानं उत्पादक कंपनीचे शेअर उत्पादक सभासदांकडंच राहतात, बाहेरच्या फंडाला थेट देता येत नाहीत. आमच्या नाशिक जिल्ह्यात मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं त्यासाठी प्रक्रियेची वेगळी कंपनी केली आणि २०२२ मध्ये तिच्यात युरोपातल्या चार गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपये घेतले. पण तिथं आधी बरीच वर्षं माल, कारखाना आणि निर्यात उभी राहिली, मग पैसा आला. आणि तो आणणारेही पटकन वड व्हा म्हणणारे नाहीत, शेती आणि विकासाच्या कामात दमानं पैसा ठेवणारे आहेत. पैसा आणणाऱ्याचं घड्याळ कोणतं, हे तिथंही पाहूनच घ्यावं लागतं.

कंपनी आली तर काय विचाराल?

आमच्या गटानं यंदा एका नव्या कंपनीला माल द्यायचा ठरवलाय. तिला आम्ही हे विचारलं, तुम्हीही विचारा:

१. पैसे किती दिवसांत? आठ दिवसांच्या वर उधारी ठेवू नका. कंपनी बंद पडली तर तेवढीच रक्कम अडकते.

२. सगळा माल तुम्हालाच द्यायची अट आहे का? असेल तर सही करू नका. आम्ही ४० टक्क्यांवर माल एका ठिकाणी द्यायचा नाही असं ठरवलंय.

३. खरेदी बंद करायची झाली तर किती दिवस आधी सांगणार? लेखी घ्या. आम्ही १५ दिवस लिहून घेतले.

४. क्रेट, यंत्र, डिपॉझिट कुणाचं? डिपॉझिट देऊ नका.

५. ॲपवरची माझी माहिती मी मागितली तर पुसणार का, कंपनी विकली तर कुणाला देणार?

६. शेवटचा पैसा कधी उभा केला आणि तो कधीपर्यंत पुरणार? हे विचारल्यावर कंपनीचा पोरगा जरा चमकला, पण त्यानं सांगितलं. सांगण्यासारखं असेल तर सांगतात.

आडत्याशी बोलणं तोडू नका. वर्षाकाठी चार गाड्या तरी मार्केटला गेल्या पाहिजेत, म्हणजे वाट मोडत नाही.

या फंडवाल्यांना मी शिव्या देत नाही. त्यांच्या जोखमीतूनच आपल्या हातातला मोबाईल एवढ्या कामाचा झाला, हवामान कळायला लागलं, भाव कळायला लागले. त्यांनी खुशाल पेरावं. निम्मं कुजेल हे धरूनच ते पेरतात, आणि कुजलं तर सोसायची त्यांची ताकद आहे. फक्त त्यांच्या पेरणीत आपली जमीन बी म्हणून जाऊ नये, एवढं आपण बघायचं.

कुणाच्या घरात असं पोरगं-पोरगी असेल तर त्यांना ही पोस्ट वाचायला द्या. त्यांना नाउमेद करू नका. एक प्लॉट द्या, सातबारा नका देऊ.

रामराम.